खुर्ची क्रमांक सत्तेचाळीस

लोणावळ्याहून कुरवंड्याकडे निघालं की वस्ती विरळ होता होता डाव्या हाताला एक सरकारी प्रशिक्षण संस्था लागते. जिल्ह्याजिल्ह्यातून कर्मचारी तिथं आठ-आठ दिवसांसाठी येतात, दोन वेळचं जेवण हाणतात, धुक्यात फोटो काढतात आणि मधल्या वेळात वर्गात बसून डुलक्या घेतात. ज्या खुर्च्यांवर बसून त्या डुलक्या घेतल्या जायच्या त्या खुर्च्यांची, आणि त्या सांभाळणाऱ्या माणसाची ही हकीकत आहे.

हनुमंत ओव्हाळ त्यांचं नाव. हुद्दा भांडारपाल. पण संस्थेत सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणायचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, आणि कपाळावर कायमची आठी. संस्थेतली प्रत्येक वस्तू त्यांच्या ठसठशीत अक्षरात जडवस्तू नोंदवहीत उतरलेली होती. बादली, पंखा, घंटा, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळसुद्धा. वेताच्या बैठकीच्या सागवानी खुर्च्या एकशे ऐंशी. प्रत्येकीच्या मागच्या पायावर पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेला. दर मार्चला भाऊसाहेब कंबर धरून वाकायचे आणि एकेक पाय तपासायचे. पप्पू शिपाई हसायचा. म्हणायचा, "भाऊसाहेब, खुर्च्या काय पळून जात्यात व्हय?"

"खुर्च्या न्हाई पळत रं. नोंद पळती," भाऊसाहेब म्हणायचे आणि पुढच्या खुर्चीकडे वळायचे.

हा स्वभाव त्यांना जन्मजात मिळालेला नव्हता, तो धसक्यातून आला होता. कार्ल्याच्या बौद्धवस्तीतलं त्यांचं घर. वडील रेल्वेत गँगमन होते, उन्हातान्हात रूळ ठोकून त्यांनी मुलाला शिकवलं. त्यांच्या घराण्यात टेबलाशी बसून करायची नोकरी पहिल्यांदा हनुमंताला लागली. आणि नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी लेखापरीक्षणात चौदा ब्लँकेटं कमी भरली. चौकशी लागली. बारा दिवस हनुमंताच्या घशाखाली घास उतरला नाही. बायको शालन शेजारी बसून राहायची. ब्लँकेटं शेवटी धोब्याकडे सापडली आणि प्रकरण मिटलं, पण भीती मिटली नाही. ऑडिट हा शब्द ऐकला की पुढची अठ्ठावीस वर्षं ते कपाटं उघडून मोजदाद करायला लागायचे.

असा हा कागदाला घाबरणारा माणूस एका बाबतीत मात्र बेधडक होता. ती बाब म्हणजे धोंडिबा.

धोंडिबा कुरवंड्याचा. वेतकाम त्याच्या घरात कधी आलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दिवाळी झाली की तो खांद्याला पिशवी लावून संस्थेत यायचा आणि मागच्या व्हरांड्यात बूड टेकायचा. शेजारी पाण्याची बादली, तीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या. हातात पट्टी ओवायचा टोच्या, भोकांतली पट्टी सैल पडू नये म्हणून ठोकायच्या लाकडी खुंट्या, आणि तोंडात पान. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग दोन्हीकडून तिरप्या. दीड दिवसात एक बैठक तयार. वर्षाला चाळीसेक खुर्च्या तो नव्या करायचा. चार-पाच वर्षांनी फेरी पूर्ण व्हायची, तोवर पहिल्या खुर्च्या पुन्हा खचायला आलेल्या असायच्या. बावीस वर्षं हे चाललं. या बावीस वर्षांत संस्थेनं एकही खुर्ची विकत घेतली नाही.

भाऊसाहेब दुपारी डबा घेऊन व्हरांड्यात यायचे. धोंडिबा त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून ते त्याला आबा म्हणायचे. दोघं शेजारी बसून जेवायचे. भाऊसाहेबांची स्वतःची खुर्ची, क्रमांक सत्तेचाळीस, धोंडिबा सगळ्यात शेवटी विणायचा, आणि जरा घट्ट विणायचा. "दिसभर बसनारा माणूस हाय तुमी. खालून आधार पायजे," म्हणायचा. बैठकीच्या खालून, डाव्या कोपऱ्यात, तो शेवटची गाठ मारायचा. दुहेरी पीळ देऊन उलट्या बाजूनं ओढलेली ती गाठ भाऊसाहेब डोळे मिटून ओळखायचे.

आता गंमत अशी, की धोंडिबाला हे काम सरळ मार्गानं देता येत नव्हतं. दुरुस्तीचं काम द्यायचं तर तीन दरपत्रकं हवीत, दुकानाची नोंदणी हवी, कराचा क्रमांक हवा. धोंडिबाजवळ एक टोच्या आणि दोन हात. पण सादिलवार खर्चातून, म्हणजे किरकोळीच्या खात्यातून, मजुरी मात्र हातपावतीवर देता यायची. पहिल्याच वर्षी भाऊसाहेबांनी युक्ती काढली. वेत सुतारकामाच्या सामानात आणवला, आणि पावतीवर लिहिलं, 'सामान हलविणे व साफसफाई, किरकोळ मजुरी.' धोंडिबानं खाली थरथरत्या अक्षरात सही केली. कागद पाक झाला, माणसाला काम मिळालं. यात कुणाचं काय गेलं? पुढची बावीस वर्षं तीच ओळ उतरत राहिली. भाऊसाहेबांना त्या ओळीचा मनातून अभिमान होता. आपण नियमाला वळसा घालून एका कारागिराचं भलं केलं, असं त्यांना वाटायचं. शालनला त्यांनी ती गोष्ट चार वेळा तरी सांगितली असेल.

मग टाळेबंदी आली, संस्था ओस पडली. ती उघडली तोवर धोंडिबाच्या डोळ्यांत पडदा आला होता. खुर्च्या खचत गेल्या, वर्गातून उचलून गोदामात रचल्या गेल्या, आणि त्यांच्या जागी सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून सर्वांत कमी दराच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. दोन हंगामांत त्यांचे पाय फाकले. एक अधिकारी तर भर वर्गात, 'शिस्त' या विषयावर बोलता बोलता, खुर्चीसकट खाली बसले. मोडक्या प्लॅस्टिकचा ढीग मेसच्या मागं वाढत चालला. भाऊसाहेब तो ढीग पाहायचे आणि चरफडायचे.

अशात मानसी मॅडम संचालक म्हणून आल्या. चाळिशीच्या आतल्या, वाचून कामाला लागणाऱ्या. वरून एक परिपत्रक आलेलं होतं, ते त्यांनी फायलीला न लावता टेबलावर ठेवलं होतं. सरकारी खरेदीत नुसता कमी दर पाहू नका, वस्तू किती टिकते, दुरुस्त होते का, जवळपास बनते का, कचरा किती होतो, तेही पाहा, शंभरातले तीस गुण त्याला ठेवा, असा त्याचा मतलब.

"भाऊसाहेब, गोदामातल्या खुर्च्या मी पाहिल्या," मॅडम म्हणाल्या. "लाकूड ठणठणीत आहे. नव्या कशाला घ्यायच्या? एकशे ऐंशी खुर्च्या विणून घेऊ, आणि तीन वर्षांच्या देखभालीचं कंत्राट देऊ. आसपास कुणी वेतकाम करणारं आहे का?"

भाऊसाहेबांचा चेहरा असा उजळला की मॅडमनासुद्धा हसू आलं. "आहेत ना मॅडम! कुरवंड्यात आहेत."

"मग निविदा काढू. मजकूर तुम्हीच करा. तुमच्याइतकं त्या खुर्च्यांना कोण ओळखतं?"

त्या संध्याकाळी भाऊसाहेब कार्ल्याला घरी जायचे सोडून उलट्या दिशेनं स्कूटर घेऊन कुरवंड्याला गेले. धोंडिबा ओट्यावर बसला होता. दोन्ही डोळे दुधाळ झालेले, पण हातात वेताचा तुकडा होताच. त्याची सून सारिका आत भाकरी थापत होती. तिचा नवरा कैलास खोपोलीकडे ट्रकवर असायचा, आठवड्यातून एकदा घरी. सारिका सासऱ्याजवळ वेतकाम शिकली होती, आणि गावातल्या चार बायकांना तिनं शिकवलं होतं. पाचजणींचा नोंदणी केलेला बचत गटही होता. पण काम कुठलं? पाचीजणी लोणावळ्याच्या बंगल्यांत चादरी बदलायला आणि संडास घासायला जायच्या.

बातमी ऐकून सारिका पिठाच्या हातानंच बाहेर आली. "तीन वर्सं? खरं म्हनताय भाऊसाहेब?"

"खरं. एकशे ऐंशी खुर्च्या. हितं घरी आणून करा न्हाईतर तितं व्हरांड्यात बसा."

"व्हरांड्यात बसू," सारिका पटकन म्हणाली. "आबास्नी संगं आनंन. त्यांना निसतं बसू द्या तितं. ते हात लावून बगतील, आमचं चुकलं तर सांगतील." मग जराशानं, भाऊसाहेबांकडे न पाहता ती म्हणाली, "बंगल्यावर आता जीव नको हुतो. शनिवार-रविवारची घान काडायची. ह्ये काम मिळालं तर सुटंन मी त्यातनं."

धोंडिबानं हातातला वेत दोनदा वाकवून पाहिला, ओला आहे का कोरडा ते अजमावावं तसा.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब निविदा लिहायला बसले. लिहायला म्हणजे काय, जुना नमुना पुढ्यात घ्यायचा आणि नाव बदलायचं. एकतीस वर्षांत त्यांनी कोऱ्या कागदावर काहीच लिहिलं नव्हतं. तीस गुणांचा भाग त्यांनी हौसेनं घातला. खरा वेत, हातविणकाम, जवळचा कारागीर, जुन्या मालाची विल्हेवाट. मग नेहमीच्या अटी उतरवत ते सातव्या अटीपाशी आले. 'निविदाधारकास शासकीय अथवा निमशासकीय कार्यालयात तत्सम कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असणे आवश्यक. अनुभवाचा दाखला जोडणे बंधनकारक.'

पेन थांबलं. ही अट काढावी, असं त्यांच्या मनात आलं, हे खरं आहे. मागून त्यांनी स्वतःला हजार वेळा विचारलं, की मग काढली का नाही? त्याचं उत्तर असं, की त्याच क्षणी त्यांना समोर एक ऑडिटर बसलेला दिसला. नेहमीची अट का गाळली? कुणासाठी गाळली? निवृत्तीला चार महिने राहिलेत ना, ओव्हाळ? आणि दुसरं मन म्हणालं, अरे, अनुभव तर बावीस वर्षांचा आहे. याच संस्थेतला आहे. घराण्याचं काम, सासऱ्याचा दाखला सुनेच्या गटाला चालवून घेऊ. त्यांनी लाल पेन खिशात ठेवलं आणि अट उतरवली.

मॅडमनी मसुदा वाचला. नीट वाचला. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, छोट्या गटाचं घोडं अडेल असं यात काही नाही ना? असेल तर आताच काढू. परिपत्रकात तशी मुभा आहे."

"नाही मॅडम. नेहमीच्याच अटी आहेत."

एवढं एकच वाक्य. खोटं बोलायचं म्हणून ते बोलले नव्हते. जिभेला वळणच ते पडलेलं होतं.

आठवड्याभरानं सारिका संस्थेत आली. गावातल्या एका मुलीच्या रिक्षातून धोंडिबालाही घेऊन आली होती. तो न विचारता, भिंत चाचपत मागच्या व्हरांड्यात गेला आणि आपल्या जागी बसला. सारिका भांडारात आली. लोणावळ्यातल्या नेट-कॅफेवाल्यानं तिचे सगळे कागद चढवून दिले होते, एकच राहिला होता.

"अनुभवाचा दाखला म्हनत्यात. आबांचा द्या, भाऊसाहेब. बावीस वर्सांचा."

"देतो की," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी कपाट उघडलं.

पावत्यांचे गठ्ठे निघाले. धूळ झटकली. पहिली पावती, सामान हलविणे व साफसफाई. दुसरी, सामान हलविणे व साफसफाई. दहा वर्षांपूर्वीची, पंधरा वर्षांपूर्वीची, सगळीकडे तीच ओळ, तेच ठसठशीत अक्षर, आणि खाली धोंडिबाची सही. नोंदवहीत एकशे ऐंशी खुर्च्यांचे क्रमांक होते. त्या कुणी विणल्या, हे कुठंच नव्हतं. खुर्च्या विणल्या गेल्या होत्या, हेसुद्धा नव्हतं. कागद वाचणाऱ्याला वाटावं, की या संस्थेत बावीस वर्षं वेत झिजलाच नाही, आणि धोंडिबा नावाचा कुणी झाडूवाला दर हिवाळ्यात येऊन जायचा.

दाखला द्यायला अक्कल लागत नव्हती. शिक्का त्यांच्याच ड्रॉवरात होता आणि मॅडमची सही मागायला दोन मिनिटं पुरली असती. पण दाखल्यात 'वेतकाम' लिहायचं, म्हणजे बावीस वर्षांच्या पावत्या खोट्या होत्या हे आपल्याच हातानं लिहून द्यायचं. चार महिने. पेन्शन. धम्मदीपच्या, म्हणजे मुलाच्या, लग्नाची बोलणी चाललेली. चौदा ब्लँकेटं.

"सारिका," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला, "रेकॉर्डला न्हाई गं."

"म्हंजे?"

"म्हंजे आबांनी काम केलं, पन कागदावर ते नाही. पावत्या साफसफाईच्या आहेत."

सारिकानं एक पावती हातात घेतली. सातवीपर्यंत शिकलेली ती, तिनं बोट फिरवत वाचली. मग दुसरी वाचली. तिसरी वाचली नाही. "साफसफाई," ती म्हणाली. "मी बंगल्यावर करते ती."

भाऊसाहेबांना खाली पाहावंसं वाटलं आणि त्यांनी खाली पाहिलं.

"तुमाला ठावं हाय ना पन? तुमी रोज जेवायला बसायचा त्यांच्यापाशी. मग तुमी लिवून द्या."

"मला ठाऊक असून चालत न्हाई. कागद लागतो."

व्हरांड्यातून धोंडिबानं सगळं ऐकलं असावं. तो भिंतीला धरून दारात आला. म्हणाला, "सारे, चल. भाऊसाहेबांची नोकरी हाय. त्यांच्या भाकरीवर गदा नको यायला." आणि भाऊसाहेब जिथं उभे असतील असं वाटलं तिकडे तोंड करून म्हणाला, "असू द्या भाऊसाहेब. तुमी तरी काय करनार?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर भाऊसाहेबांनी त्या गिळल्या असत्या आणि कुठंतरी हिशेब मिटल्यासारखं वाटलं असतं. पण धोंडिबानं त्यांना सांभाळून घेतलं. ज्याचं नुकसान झालं त्यानंच.

निविदेची मुदत संपायला तीन दिवस होते. तीन दिवसांत एक ओळीचं शुद्धिपत्रक निघू शकलं असतं, सातवी अट रद्द. मॅडमच्या केबिनपर्यंतचं अंतर बावीस पावलं. पहिल्या दिवशी भाऊसाहेब दारापर्यंत गेले, आत पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते, मॅडमनी मान वर करून "काय भाऊसाहेब?" असंही विचारलं, आणि यांनी बल्बच्या मागणीपत्रावर सही घेतली आणि बाहेर आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. घरी शालननं विचारलं, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, अंग मोडून आलंय.

पुढं जे झालं ते नियमानं झालं. सरकारी पद्धत अशी, की आधी कागद तपासायचे, आणि कागदात बसेल त्याचेच गुण मोजायचे. सारिकाच्या गटाला तीसपैकी तीस मिळण्यासारखे होते, पण ते मोजलेच गेले नाहीत. 'अनुभव दाखला नाही, अपात्र' अशी ओळ संगणकाच्या पडद्यावर आली. पात्र ठरलेल्या दोघांत एक फर्म होती, तिच्याकडे सगळे दाखले होते, पर्यावरणपूरक असल्याचा चकचकीत दाखला तर रंगीत छापलेला. काम तिलाच मिळालं. ट्रक आला, खुर्च्या सुदुंबऱ्याच्या त्यांच्या शेडमध्ये गेल्या आणि तीन आठवड्यांत परत आल्या. फ्रेम पॉलिश केलेली, बैठकीवर मशीनवर विणलेल्या जाळीचं तयार कापड खिळ्यांनी ठोकलेलं. लांबून बघितलं तर वेत, हात लावला तर प्लॅस्टिक. धोंडिबाच्या विणीचं काय केलं, असं भाऊसाहेबांनी ड्रायव्हरला विचारलं. "जाळलं की," तो म्हणाला. "लय धूर झाला बगा."

मॅडमनी खुर्चीवर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला. 'खरा वेत' म्हणून लिहिलं होतं ना? फर्मनं कागद दाखवला, वेताचं इतकं टक्के मिश्रण. वादावादी झाली, दंड बसला, पण खुर्च्या तशाच राहिल्या. संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "भाऊसाहेब, ते कुरवंड्याचे लोक आलेच नाहीत का?"

"आले होते. कागद अपुरे होते."

"कोणता?"

भाऊसाहेबांनी सांगितलं. मॅडमनी निविदेची फाईल उघडून सातवी अट वाचली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांची पुढच्याच महिन्यात बदली झाली.

भाऊसाहेब ठरल्या तारखेला, ठरल्या शाल-श्रीफळानिशी निवृत्त झाले. सत्काराच्या भाषणात नवे संचालक म्हणाले, "ओव्हाळ साहेबांच्या एकतीस वर्षांत एकही आक्षेप नाही." टाळ्या झाल्या. पप्पूनं सगळ्यांत जोरात वाजवल्या. भाऊसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि आभार मानायला उठले, पण दोन वाक्यांतच बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

त्यांची सत्तेचाळीस नंबरची खुर्ची मात्र सुदुंबऱ्याला गेली नव्हती. तिचा एक हात निखळलेला होता म्हणून ती भंगारात निघाली. मार्चमध्ये भंगाराचा लिलाव झाला तेव्हा भाऊसाहेब पेन्शनर म्हणून रांगेत उभे राहिले, रीतसर पावती घेऊन त्यांनी ती खुर्ची सोडवली आणि एका टेम्पोत घालून कुरवंड्याला नेली. का नेली, हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. विणून घ्यायची होती, एवढंच ते शालनला म्हणाले.

सारिका नुकतीच बंगल्यावरून आली होती. तिनं पाणी दिलं. बोलणं नेहमीसारखं, पण मधे काहीतरी आडवं पडलेलं. धोंडिबानं खुर्ची जवळ ओढली, ओट्यावर पालथी घातली, आणि त्याची बोटं थेट डाव्या कोपऱ्यात गेली.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. आणि हसला. "तुमची."

त्याला दिसत नव्हतं तरी त्यानं खुर्चीचं सगळं अंग चाचपलं. वीण तीन ठिकाणी तुटली होती. "सारे, उद्याच्याला वेत भिजाय घाल," तो म्हणाला. "भाऊसाहेबांची खुर्ची हाय, घट्ट वीन."

"विनते की," सारिका म्हणाली. मग ती भाऊसाहेबांकडे वळली. "पन पावती पायजे. काय काम केलं ते नीट लिवा. आनि आबांनी आजवर काय केलं तेबी लिवा."

भाऊसाहेबांनी तिच्याकडून वहीचा कागद मागून घेतला. निळं पेन काढलं. आयुष्यात पहिल्यांदा पुढ्यात नमुना नव्हता. ओट्यावर मांडी घालून, गुडघ्यावर वही ठेवून ते लिहायला लागले. 'दाखला देण्यात येतो की श्री. धोंडिबा यांनी शासकीय प्रशिक्षण संस्थेतील एकशे ऐंशी खुर्च्यांचे वेतकाम सलग बावीस वर्षे केले. काम उत्कृष्ट होते. सदर काम मी स्वतः पाहिले आहे. कागदोपत्री त्याची नोंद झाली नाही, ती चूक माझी आहे.' शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली, पण खोडली नाही. खाली सही केली, आणि सहीखाली हुद्दा लिहिताना आधी 'सेवानिवृत्त' हा शब्द लिहावा लागला.

सारिकानं कागद वाचला. दोनदा वाचला. "ह्ये कंत्राट सपलं की परत निविदा निगंल म्हनं," ती म्हणाली. "ह्यो लावला तर चालंल का?"

"न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. या वेळी तरी त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. "मी आता सरकारात न्हाई. याला किंमत न्हाई."

तिनं मान हलवली. रागावली नाही, हसलीही नाही. कागद तिनं सासऱ्याच्या हातात दिला आणि खुर्ची उचलून आत नेली.

धोंडिबानं कागद दोन्ही हातांत धरला. उलटा धरला होता, भाऊसाहेबांनी तो फिरवून सुलटा केला.

"माजं नाव कुटं हाय ह्यात?"

भाऊसाहेबांनी त्याचं बोट धरून पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं. "हितं, आबा."

"आन् वेतकाम म्हनून लिवलंय?"

"लिवलंय."

धोंडिबाचं बोट ओळीओळीनं खाली सरकत गेलं, सहीपर्यंत आलं, आणि तिथून कागदाच्या कोऱ्या भागावर काहीतरी शोधत हळूहळू फिरत राहिलं.

"शिक्का लागत न्हाई हाताला," तो म्हणाला. "कुटं मारलाय?"

भाऊसाहेबांनी त्याचं बोट धरून पुन्हा सहीवर आणून ठेवलं. एकतीस वर्षं तो शिक्का त्यांच्याच ड्रॉवरात होता.